कॅमेरा क्रमांक तीन

हळदोण्याचं घर. चार कॅमेरे, एक डीव्हीआर.
मालकीण एर्मेलिंदबाय, स्विंडनला,
कुठल्याशा गोदामात पॅकिंगला.
घरात कुणी राहत नाही
म्हणून राखण भरपूर.

बसवताना चिऱ्याच्या भिंतीने छळलं.
आधी तांबडी भुकटी, मग एकदम पोकळी,
प्लग आत गरगरतो
मोठ्या चपलेत लहान पाय तसा.
विशांतने फणसाची खुंटी तासून ठोकली.
मी पासवर्ड विचारला.
तिने मेलेल्या कुत्र्याचं नाव सांगितलं
आणि म्हणाली, विसरून जा.
असं सांगितल्यावर कोण विसरतो?

पहिला महिना तक्रारी मोजक्या.
पहाटे तीनला कुणीतरी हललं:
भिंगापुढे कोळी, रात्रीच्या अदृश्य उजेडात
हत्तीएवढा.
सहाला कुणीतरी फाटकाशी थांबलं:
पोदेर. गिऱ्हाईक नाही हे ठाऊक असूनही
भोंगा वाजवून पुढे जातो.
कोळी मी पुसला.
पोदेराचं काय करणार?

मग तीन नंबर जाऊ लागला.
मागचं दार, बाव, धुण्याची फातर, एवढंच त्याचं जग.
रोज संध्याकाळी सात वाजता काळा,
साडेसातला आपोआप परत.
कनेक्टर कापून नवा लावला.
ॲडॉप्टर बदलला. बारा व्होल्ट, ठणठणीत.
केबल उंदराने खाल्ली का, नळ्यांखालून
पोटावर सरपटत पाहिलं;
जुनं कोयतं मिळालं, उंदीर नाही.
सातच्या सुमारास तिथे दीड वाजतो,
तिची जेवणाची सुट्टी.
ती डबा उघडते, घर उघडते,
आणि तीन नंबरच्या चौकोनात
नो व्हिडिओ.

डिचोलीहून तेवीस किलोमीटर, तिसरी फेरी.
म्हटलं आज टेस्टर नको, आज बसायचं.
शिडीच्या पायरीवर बसलो, डास मारत.
सातला कुंपणाच्या फटीतून शेजारचा कादू आला,
पायांत रबरी बूट, हातात रंग उडालेला फोन.
मला पाहिलं नाही.
मागच्या पडवीत एकच सॉकेट.
त्याने माझा ॲडॉप्टर उपटला,
आपला चार्जर खोचला,
आणि वायरएवढ्याच अंतरावर
भिंतीला टेकून बसला.
बॅटरी मेलेली, काढला की फोन बंद.
वायफायचा पासवर्ड राउटरच्या चिकटपट्टीवर;
तो माझाच आळस.
पडद्यावर मुलगा उगवला. तारवटी.
मागे कसली तरी पोलादी भिंत हलत होती.
"जेवलास रे?" कादूने विचारलं.
आवाज दोन सेकंद उशिरा पोचत होता,
तरी तो प्रत्येक वेळी
आधीच मान डोलवत होता.

मी शिडी न वाजवता उतरलो.

दुसऱ्या दिवशी एकशेऐंशीचा एक्स्टेंशन बोर्ड लावला.
आता दोघांना पुरेल.
आणि कॅमेऱ्याची मान
दोन बोटं उजवीकडे वळवली, बावीकडे.
बिलावर लिहिलं: लूज कनेक्शन.
खोटं नव्हतं तसं.

पाचव्या दिवशी तिचा फोन.
चित्र झकास येतंय म्हणाली.
मग थोडा वेळ नुसती यंत्रांची घरघर.
"तो पूर्वी येताना दिसायचा.
कुंपणातून वाकून, बूट ओढत.
मग काळं व्हायचं.
आता काळं होत नाही,
पण तोही दिसत नाही.
कादू बरा आहे ना?"

मला काही सुचेना.
"मग आधी बोलला का नाहीत?" एवढंच विचारलं.
"मी तक्रार कॅमेऱ्याची केली होती," ती म्हणाली.

रविवार होता. विशांत नव्हता.
शिडी एकट्यानेच स्कूटरला बांधली,
एक टोक पुढे, एक मागे,
म्हापशाच्या चौकात पोलिसाने थांबवलं,
कुठे निघालास विचारलं.
म्हटलं, एक स्क्रू सैल करायचाय.